पूर्वरंगाविना कीर्तन

म्युझिक व्हिडिओ म्हणजे तीन-चार मिनिटांचे गाणे आणि त्यावर बसवलेली छोटी चित्रकथा. गावाकडची पोरे त्याला ‘अल्बम साँग’ म्हणतात आणि तो हळदीपासून गणपतीच्या मिरवणुकीपर्यंत कुठेही वाजतो. समलिंगी प्रेमाविषयी समाजाच्या मनात असलेली अढी सैल करण्यासाठी गेल्या काही दशकांत याच प्रकाराचा जाणूनबुजून वापर झाला आहे. त्यातून एक जुना प्रश्न नव्याने उभा राहतो. अमुक आचरण धर्म्य की अधर्म्य, हे ठरवण्याचे काम शास्त्रार्थाचे, विवेकाचे. ते काम एखाद्या चालीवर सोपवता येते का? आणि गाणे ऐकून मन पालटले, तर त्या पालटाला विचार म्हणायचे की भुरळ?

हा प्रश्न अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातून पाहिला तर परका वाटत नाही. या जिल्ह्यात धर्मविचार नेहमी चालीवरच चालत आला आहे. प्रवरेकाठच्या नेवाशाला शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, ज्ञानदेवांची गीतेवरची टीका झाली ती गद्यात किंवा संस्कृत श्लोकांत नाही, तर ओवीत. ज्या छंदात बाया जात्यावर गात, त्याच जातीच्या छंदात अद्वैत सांगितले गेले. पुढे संगमनेरला अनंत घोलप, म्हणजे अनंत फंदी (1744–1819), तमाशाचा फड गाजवणारा शाहीर झाला. मलिक फंदी नावाच्या फकिराच्या दोस्तीतून त्याला ‘फंदी’ हे नाव चिकटले, असे सांगतात. आख्यायिका अशी, की अहिल्याबाई होळकरांनी त्याला तमाशावरून बोल लावला आणि तो कीर्तनाकडे वळला. अहिल्याबाईंचा जन्म जामखेड तालुक्यातल्या चौंडीचा. 2024 मध्ये जिल्ह्याला नाव मिळाले ते त्यांचेच. आख्यायिका खरी असो वा नसो, त्यातली एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. फंदीने गाणे सोडले नाही, गाण्याचा विषय बदलला. फटका हा उपदेशाचा ठसकेबाज काव्यप्रकार त्याच्याच नावाशी जोडला जातो.

तिसरे उदाहरण कवी नारायण वामन टिळकांचे. ख्रिस्ती झाल्यावर ते नगरला अमेरिकन मराठी मिशनच्या परिसरात राहिले. 1831 पासून नगरला असलेल्या या मिशनच्या उपासनेत तोवर इंग्रजी स्तोत्रांच्या चालींचे वजन मोठे होते. टिळकांनी अभंग, ओवी, पद आणि कीर्तन तिथे आणले. देव बदलला होता, पण मराठी माणसाच्या कानाला त्या देवापर्यंत पोहोचायला ओळखीची वाट लागत होती. टिळकांचे तर्क किती जणांना पटले हे मोजता येणार नाही; त्यांची भजने मात्र देवळांत आजही म्हटली जातात. नगरकडे ख्रिस्ती मंडळीही चर्चला ‘देऊळ’ म्हणतात.

तेव्हा धर्माच्या प्रश्नात गाण्याने ढवळाढवळ करू नये, असे म्हणण्याचा अधिकार या मातीला तरी नाही. खरा प्रश्न गाणे नेमके कोणते काम करू शकते आणि कोणते नाही, हा आहे. त्यासाठी आधी अढी म्हणजे काय, हे पाहावे लागते.

समलिंगी प्रेमाविरुद्धची अढी हे बहुतेकांच्या बाबतीत मत नसते. मत असते तर त्याला कारणे असती आणि कारणे खोडली की मत डळमळले असते. इथे कारणे नंतर शोधली जातात. आधी येते ते हसू किंवा किळस. मराठीत या माणसांसाठी रोजच्या वापरात जे शब्द आहेत त्यांतले बहुतेक एकतर शिव्या आहेत नाहीतर विनोद. ‘समलिंगी’, ‘समलैंगिक’ हे शब्द लेखात आणि न्यायालयात राहतात, पारावर येत नाहीत. पारावर डोळा मिचकावून ‘तसला’ एवढेच म्हटले जाते, आणि ते पुरते.

हे हसू कुठून येते, याचे उत्तर भारतीय रसविचारात मिळते. भरताने नाट्यशास्त्रात शृंगारातून हास्य उत्पन्न होते असे सांगितले. अभिनवगुप्ताने त्याचा उलगडा असा केला, की शृंगाराचा जो आभास असतो त्यातून हास्य निपजते. जिथे रती अनुचित ठरते तिथे रस न राहता रसाभास उरतो. सीतेसाठी झुरणारा रावण हे त्याचे उदाहरण. रावणाला ती रती खरीच वाटते. प्रेक्षकाला ती हास्यास्पद दिसते. आनंदवर्धनाच्या मते तर अनौचित्यावाचून रसभंगाला दुसरे कारणच नाही. आता औचित्य ठरवतो कोण? लोकव्यवहार. म्हणजे ज्या प्रेमाला लोकव्यवहारात जागा नाही ते रंगभूमीवर आले की आपोआप हसण्यावारी जाते. त्या प्रेमात हसण्यासारखे काही असावे लागत नाही, पाहणाऱ्याने ते आधीच अनुचित ठरवलेले असले की पुरे.

तमाशातला नाच्या हा या नियमाचा जिताजागता दाखला आहे. गणपत पाटलांनी पडद्यावर तो इतका रुजवला की मराठी प्रेक्षकाला बायकी हालचालीचा पुरुष दिसला की हसायचे असते, हे शिकवावे लागले नाही. याच्या शेजारी बालगंधर्व ठेवून पाहावेत. पुरुषानेच नेसलेले लुगडे, पण तिथे हसू नाही, आदर आहे. कारण बालगंधर्वांची नायिका शेवटी नायकाचीच होती. जोडीचे गणित स्त्री-पुरुषाचेच राहत होते. संगमनेरच्या कांताबाई सातारकरांनी तमाशात पुरुष भूमिका गाजवल्या आणि त्याही टाळ्या मिळवून गेल्या. सोंग पूर्ण वठले तर चालते. अडते ते मधल्या माणसाशी, ज्याचे सोंग नाहीच त्याच्याशी.

रवी जाधव यांच्या ‘नटरंग’ (2010) या चित्रपटाने, आनंद यादवांच्या कादंबरीच्या आधाराने, नाच्यावरची ही हसण्याची पाटी पहिल्यांदा मोठ्या प्रेक्षकवर्गासमोर पुसली. कलेपायी नाच्या झालेल्या गुणाचे हाल पाहताना हसणाऱ्याला आपल्या हसण्याची लाज वाटते. हास्याच्या जागी करुण आला. अजय-अतुल यांच्या गाण्यांचा त्यात मोठा वाटा आहे, कारण लोक चित्रपटगृहात गेले ते गाण्यांसाठी. पण गुणा समलिंगी नाही, आणि चित्रपट ते स्पष्ट करून ठेवतो. त्याआधीच्या ‘जोगवा’ (2009) मध्येही देवाच्या नावाने साडी नेसायला लावलेल्या जोगत्याची सुटका होते ती एका स्त्रीच्या प्रेमातून. दोन्ही चित्रपट मोठे आहेत, पण दोन्ही उंबरठ्याशी थांबतात. विजय तेंडुलकरांनी ‘मित्राची गोष्ट’ मध्ये 1981 सालीच उंबरठा ओलांडला होता. जाधवांनी त्यावर ‘मित्रा’ हा लघुपट केला आणि त्याला 62 व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत पुरस्कार मिळाला. नाटक आणि लघुपट पाहणारे मात्र आधीच अर्धे पटलेले असतात. ज्याला पटवायचे आहे तो गाणे ऐकतो.

समलिंगी प्रेमासाठी थेट गाण्याचा व्हिडिओ वापरण्याचा महाराष्ट्रातला सर्वांत ठळक प्रसंग 30 एप्रिल 2014 चा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने आपल्या ‘फ्री अँड इक्वल’ मोहिमेसाठी केलेला ‘द वेलकम’ हा व्हिडिओ त्या दिवशी मुंबईत प्रकाशित झाला. प्रसंगाला पार्श्वभूमी होती. 2 जुलै 2009 रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम 377 ची धार काढली होती, पण 11 डिसेंबर 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कलम पुन्हा पूर्ववत केले. न्यायालयात युक्तिवाद हरल्यावर पाच महिन्यांच्या आत हे गाणे आले. वादात हरलेल्याने गाण्याकडे वळावे, यात एक स्वाभाविकता आहे.

व्हिडिओची कथा साधी. एका श्रीमंत घरात धांदल उडाली आहे. घरचा मुलगा आपल्या आवडत्या माणसाला घरी आणणार आहे. सगळे सूनबाईची वाट पाहत आहेत. गाडीतून उतरतो तो एक तरुण. क्षणभर घर थिजते. मग आजी पुढे होते, आणि ती स्वीकारते म्हटल्यावर घर स्वीकारते. सेलिना जेटली त्यात नाचते-गाते. चाल नवी नव्हती. बासू चटर्जींच्या ‘बातों बातों में’ (1979) मधल्या, राजेश रोशन यांनी संगीत दिलेल्या गाण्याचेच ते नवे रूप होते.

यात कलात्मक थोरवी फार नाही, पण रचना चाणाक्ष आहे. अभिनवगुप्ताने रसास्वादातली सात विघ्ने सांगितली आहेत. त्यांतले पहिले संभावनाविरह: समोर चालले आहे ते असू शकते, असे पाहणाऱ्याला वाटतच नाही. ‘आपल्याकडे असले काही नसते’ हे वाक्य म्हणजे शुद्ध संभावनाविरह. त्यावरचा उपाय म्हणजे सर्वांच्या ओळखीची, लोकसामान्य वस्तू घेणे. ‘द वेलकम’ ने दारात ओवाळणीला उभे राहिलेले घर घेतले, जे प्रत्येकाने पाहिले आहे. दुसरे विघ्न म्हणजे ही गोष्ट माझी की परक्याची, या भानात अडकून पडणे. ‘त्यांच्यातले’ असे एकदा म्हटले की पुढचे काही आत शिरत नाही. तिसरे विघ्न म्हणजे आपल्याच सुखदुःखात बुडालेले मन. त्यावर अभिनवगुप्त गाणे-बजावणे आणि सजवलेला मंडप हाच उपाय सांगतो. एक हजार वर्षांपूर्वी काश्मिरात लिहिलेले हे निदान म्युझिक व्हिडिओला इतके चपखल बसते याचे नवल वाटायला नको. मन मोकळे करण्याची तांत्रिक सोय म्हणून गाण्याकडे पाहणारी ती दृष्टी आहे.

विघ्ने दूर झाली की जे घडते त्याला भट्टनायकाने साधारणीकरण हे नाव दिले. रंगमंचावरची रती रामाची राहत नाही, नटाची राहत नाही, प्रेक्षकाचीही होत नाही. ती निव्वळ रती म्हणून अनुभवाला येते. समलिंगी प्रेमाच्या बाबतीत याचा अर्थ फार मोठा आहे. तीन मिनिटे का होईना, पाहणारा ‘दोन पुरुष’ पाहत नाही. घरी येताना धडधडणारी छाती आणि आजीच्या चेहऱ्याकडे लागलेली नजर पाहतो. आभास होता तिथे रस येतो. गाण्याचे खरे सामर्थ्य इथे आहे आणि ते इथेच संपते, असे म्हणणे भाग आहे.

पश्चिमेकडच्या गाण्यांनी दुसरी वाट धरली. त्यांनी धर्मसंस्थेलाच समोर उभे केले. आयर्लंडच्या होझियरच्या ‘टेक मी टू चर्च’ (2013) या कृष्णधवल व्हिडिओत दोन पुरुषांच्या प्रेमावर झुंड तुटून पडते. त्याचा रोख रशियातल्या अत्याचारांकडे होता आणि शब्दांचा रोख चर्चकडे. दोन वर्षांनी, 22 मे 2015 ला, आयर्लंडने सार्वमताने समलिंगी विवाह स्वीकारला. गाण्याने मते फिरवली असे म्हणणे धाडसाचे होईल. गाणे आणि मतदान दोन्ही एकाच बदलत्या वाऱ्याची फळे असू शकतात. अमेरिकेत मॅकलमोरच्या ‘सेम लव्ह’ (2012) ने प्रवचनातून होणाऱ्या निंदेला उघड आक्षेप घेतला. 26 जानेवारी 2014 च्या ग्रॅमी सोहळ्यात ते गाणे चालू असतानाच 33 जोडप्यांची लग्ने लावली गेली. त्यांत समलिंगी जोडपीही होती. गाण्याचा विधी झाला. त्याच नावाच्या आणि त्याच धर्तीच्या केनियातल्या आवृत्तीवर 2016 मध्ये तिथल्या चित्रपट नियामक मंडळाने बंदी घातली. बंदी घालणाऱ्यांनाही गाण्याची ताकद कळते, किंबहुना त्यांना ती अधिक कळते.

‘द वेलकम’ मध्ये मात्र देवाधर्माचा शब्दच नाही. निवाडा आजी देते, पुरोहित नाही. हे भारतीय वास्तवाला धरून आहे. इथल्या घरात समलिंगी मुलामुलीसमोर पहिल्यांदा उभे राहते ते ‘लोक काय म्हणतील’ आणि ‘वंशाचे काय’. धर्मग्रंथ त्यानंतर, तोही न उघडता, साक्षीला बोलावला जातो.

तो उघडला तर काय दिसते? मनुस्मृती एके ठिकाणी पुरुषाच्या पुरुषाशी संगाला जातिभ्रंशकर पातकांत घालते आणि त्याच अकराव्या अध्यायात प्रायश्चित्त सांगते ते सचैल स्नानाचे, अंगावरच्या कपड्यांसह आंघोळ. दोन मुलींच्या संबंधाला त्याच ग्रंथात दंड आणि फटके आहेत. म्हणजे ग्रंथाला हे प्रेम मान्य नाही, पण ठाऊक नक्की आहे. ‘आपल्याकडे हे नव्हतेच’ हा दावा पहिल्याच फटक्यात पडतो. कामसूत्र तर तृतीया प्रकृतीला प्रकरणच देते. सचैल स्नानाच्या जागी जन्मठेपेपर्यंतची शिक्षा आणली ती 1860 च्या भारतीय दंडसंहितेने. ती शिक्षा प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरती सर्वोच्च न्यायालयाने 6 सप्टेंबर 2018 रोजी रद्द केली. समलिंगी विवाहाचा हक्क मात्र 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालात नाकारला गेला.

नगरच्या ख्रिस्ती मंडळींपुढे बायबलातले लेवीय आणि रोमकरांस पत्र यांतले उतारे आहेत आणि ते मवाळ नाहीत. तरीही एक ऐतिहासिक गंमत नोंदवायला हवी. ज्या अमेरिकन बोर्डाने 1831 मध्ये नगरला मिशनरी पाठवले, त्याची अमेरिकेतली वारसदार मंडळी, युनायटेड चर्च ऑफ क्राइस्ट, 2005 मध्ये समलिंगी विवाहाच्या समान हक्काच्या बाजूने उभी राहिली. तेच बायबल, तेच उतारे, पण वाचन पालटले. इस्लामी फिक्हची भूमिका बहुतांशी कडक राहिली आहे. सूफी काव्यात मात्र मुरीद, म्हणजे शिष्य, मुर्शिदाशी, म्हणजे गुरूशी, प्रेयसीच्या आवाजात बोलतो.

मराठी संतांचेही तसेच आहे, आणि इथे उत्साही अभ्यासकांचा पाय घसरतो. ज्ञानदेवांच्या विरहिणीत आणि गौळणीत पुरुष कवी स्त्री होऊन विठ्ठलासाठी झुरतो. तोच विठ्ठल पुढच्या अभंगात ‘माउली’ होतो. यावरून वारकरी परंपरा समलिंगी प्रेमाला अनुकूल होती असा निष्कर्ष काढणे घाईचे आहे. विरहिणीतला आवाज स्त्रीचा आहे म्हणूनच तो त्या काळाच्या कानाला उचित वाटला. पुरुषाने पुरुष राहून तसे म्हटले असते तर काय झाले असते, याचे उत्तर त्या रचना देत नाहीत. त्यांतून एवढेच निघते, की स्त्रीपण आणि पुरुषपण ही आत्म्याची कायमची ओळख नव्हे, हे या परंपरेला सहज मान्य होते. नगरजवळच्या मेहेराबादला ज्यांची समाधी आहे त्या मेहेरबाबांनी आपल्या ग्रंथरूप प्रवचनांत हे अधिक उघड सांगितले: जीव कधी पुरुषदेह घेतो, कधी स्त्रीदेह, आणि पूर्णतेला दोन्ही अनुभव लागतात. शरीरावर इतके ओझे टाकू नये, एवढा धडा त्यातून घेता येतो; पण मुलाने मित्राला घरी आणले तर आईने काय करावे, याचा धडा तो नव्हे. तो धडा कोणीतरी मांडून दाखवावा लागतो.

मेहेरबाबांचेच एक प्रकरण गाण्याची मर्यादा दाखवायला उपयोगी पडते. 10 जुलै 1925 पासून 31 जानेवारी 1969 ला देह ठेवीपर्यंत ते बोलले नाहीत. त्यांच्या नावाने भित्तिपत्रकांवर झळकणारे चार शब्दांचे इंग्रजी बोधवचन सॅन फ्रान्सिस्कोत बॉबी मॅकफेरिनने पाहिले आणि त्यातून ‘डोन्ट वरी, बी हॅपी’ (1988) हे गाणे झाले. रॉबिन विल्यम्स दिसणाऱ्या त्याच्या व्हिडिओसह ते जगभर गेले. मौनी बाबांचे वचन शिट्टीवर स्वार होऊन पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. पण ऐकणाऱ्यांपैकी किती जणांना मेहेराबादचे नाव माहीत झाले? बाबांच्या मूळ विचारात चिंता न करणे हे ईश्वरार्पणाचे फळ होते. गाण्यात ते उन्हाळी सुट्टीचे झाले. भाव पोहोचला, निरूपण वाटेतच गळून पडले.

नारदीय कीर्तनाची घडण इथे आठवते. त्यात आधी पूर्वरंग असतो: एखादे पद घेऊन कीर्तनकार सिद्धान्त मांडतो, शंका काढतो, त्यांचे निरसन करतो. मग नामघोष आणि त्यानंतर उत्तररंग, म्हणजे आख्यान. सामान्य श्रोता येतो तो आख्यानासाठी. पूर्वरंगात बरेच जण डुलक्या घेतात, हेही खरे. पण आख्यान ऐकून पाणावलेला डोळा कुठल्या सिद्धान्तासाठी पाणावला, हे त्या डुलकीतही कुठेतरी ऐकलेले असते. म्युझिक व्हिडिओ म्हणजे पूर्वरंग कापलेले कीर्तन आहे. त्यात थेट आख्यान आहे. डोळा पाणावतो आणि पुढचे अल्बम साँग सुरू होते.

म्हणूनच भुरळीचा आक्षेप टाळून चालणार नाही. गाण्याने मन वळवणे योग्य असेल तर ते उलट दिशेनेही योग्य ठरेल. त्याच डीजेवर द्वेषाची गाणी वाजतात, त्याच ठेक्यावर नाच्याची टिंगल शतकभर चालली. चाल दोन्ही बाजूंची हमाल आहे. या आक्षेपाला एकच टिकाऊ उत्तर देता येते, आणि तेही रसविचाराच्याच आधाराने. काही गाणी विघ्न काढतात, काही गाणी निकाल लादतात. ‘हे माणसासारखे माणूस आहे, त्याच्याकडे पाहा’ एवढेच सांगणारे गाणे पाहणाऱ्याला विचार करण्याच्या जागेवर आणून सोडते. किळस मधे असेतो तो तिथे पोहोचूच शकत नव्हता. ‘अमक्याचा धिक्कार करा’ सांगणारे गाणे त्याला त्या जागेवरून उचलून नेते. पहिले विवेकाची पूर्वतयारी आहे, दुसरे विवेकाची चोरी. या कसोटीवर ‘द वेलकम’ उतरते. चर्चची नुसती टर उडवणारी काही पाश्चात्त्य गाणी, बाजू न्याय्य असूनही, उतरत नाहीत.

दुसरी उणीव गाण्यांच्या देखाव्याची आहे. व्हिडिओतली घरे झुंबरांची असतात, प्रेमिक देखणे असतात, आजी रेशमात असते. राहुरीच्या उसाच्या फडात किंवा पारनेरच्या कोरडवाहू वाडीत राहणाऱ्या पोराला त्यात आपले घर दिसत नाही. संभावनाविरहाचे विघ्न तिथे एका दारातून जाते आणि दुसऱ्या दारातून परत येते: असे असू शकते, पण मोठ्या लोकांत. बाजूने उभे राहणाऱ्यांनीच अशा रीतीने हे प्रेम शहरी चैन असल्याचा समज पक्का केला, असे म्हटले तर ते कठोर आहे, पण खोटे नाही. शिवाय व्हिडिओ हातातल्या मोबाईलवर, कानात बोंडे घालून, एकट्याने पाहिला जातो. कीर्तनात शेजारच्याचा हुंदका ऐकू येतो आणि आपला आवंढा लपवावा लागत नाही. सार्वजनिक अढी एकांतात सैल झाली तरी पारावर गेल्यावर पुन्हा आवळली जाते, कारण इतरांचीही सैल झाली आहे हे कोणालाच दिसलेले नसते.

देखाव्याच्या आणि एकांताच्या या दोन्ही उणिवांना उत्तर मिळाले ते गाण्याकडून नाही. रोहन परशुराम कानवडे यांचा ‘साबर बोंडं’ हा मराठी चित्रपट जानेवारी 2025 मध्ये सनडान्स महोत्सवात दाखवला गेला. त्याला जागतिक चित्रपट विभागात कथापटाचे ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळाले. 19 सप्टेंबर 2025 ला तो भारतात चित्रपटगृहांत आला. वडील गेले म्हणून मुंबईहून गावी आलेला आनंद दहा दिवस सुतकात अडकतो. नातेवाइकांचा लग्नाचा लकडा चालू असतो, आणि लग्न टाळत आलेला शेतकरी बाल्या त्याच्या सोबतीला असतो. झुंबर नाही, रेशीम नाही. शेळ्या, माळ, निवडुंगाची लाल बोंडे आणि सुतकाचे नियम आहेत. धर्म इथे टीकेचा विषयही नाही आणि आधारही नाही. पायात चप्पल घालावी की नाही इतका तो रोजचा आहे. मुलाचे मन आईला ठाऊक आहे आणि ती त्याच्या बाजूने आहे, तीही भाषण न करता. दोन पुरुषांची माया अशा घरात, अशा दिवसांत दाखवल्यावर ‘मोठ्या लोकांत’ ही पळवाट उरत नाही.

ज्या घरात सुतक असते तिथे गाणे-बजावणे होत नाही. ‘साबर बोंडं’ मध्ये एकही गाणे नाही आणि पार्श्वसंगीतही नाही.